नवे संशोधक आणि त्यांचे विषय



पीएच्.डी.च्या पदवीसाठीं नांव नोंदविणाऱ्या विद्यार्थ्याला जो तो विचारतो, 'विषय कोणता घेतला?' परंतु या पदवीचा आपल्याकडील इतिहास पाहिला म्हणजे असें दिसून येतें कीं, विषयाच्या नांवापेक्षां तो प्रश्न विद्यार्थ्याच्या मनांत कोठून आला आणि त्यानें तो किती निर्भयपणें सोडविला, यांवरच संशोधनाचें मोल अवलंबून असतें. जालना जिल्ह्यांतील जे तरुण आज निरनिराळ्या शास्त्रांत संशोधनास आरंभ करीत आहेत, त्यांच्यासाठीं हा इतिहास थोडक्यांत सांगावयाचा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं मराठी विद्यार्थ्याला ही पदवी मिळवावयाची तर समुद्र ओलांडण्यावांचून गत्यंतर नव्हतें. श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ सालीं अमेरिकेस गेले आणि १९११ मध्यें कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टर झाले. त्यांच्या अभ्यासाचा विषय होता हिंदुस्थानांतील जातिसंस्थेचा इतिहास. डॉ. भीमराव आंबेडकर १९१३ मध्यें न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. ब्रिटिश हिंदुस्थानांतील प्रांतिक अर्थव्यवस्था कशी घडत गेली, याविषयींचा त्यांचा प्रबंध १९२५ मध्यें ग्रंथरूपानें निघाला व १९२७ मध्यें त्यांना पदवी मिळाली. ग्रंथालय परदेशचें, मार्गदर्शक परदेशचे. प्रश्न मात्र दोघांनींही घरूनच नेला होता.

इरावती कर्वे यांची गोष्ट याहून निराळी. १९२८ च्या सुमारास त्या बर्लिनला गेल्या, तेव्हां त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची अशी समजूत होती कीं, मनुष्याच्या कवटीच्या दोन बाजूंमधील असमानतेचा वंशाच्या श्रेष्ठत्वाशीं संबंध असावा. इरावतीबाईंनीं कवट्या एकेक करून मोजल्या, आणि असा संबंध आढळत नाहीं, असा स्पष्ट निष्कर्ष काढला. गुरूचा विषय त्यांनीं घेतला. गुरूचें उत्तर घेतलें नाहीं. कमला भागवत, म्हणजे पुढील कमला सोहोनी, यांना १९३३ मध्यें बंगलोरच्या विज्ञानसंस्थेनें केवळ स्त्री म्हणून प्रथम प्रवेश नाकारला. तो त्यांनीं आग्रहानें मिळविला, आणि १९३९ मध्यें केंब्रिजची पदवी घेतली ती वनस्पतींच्या पेशींतील श्वसनास आवश्यक अशा 'सायटोक्रोम सी' या द्रव्यावरील कामासाठीं.

त्याच काळांत जालन्याच्या मुलाची स्थिति काय होती? जालना तेव्हां निजामाच्या राज्यांत, औरंगाबाद जिल्ह्यांत होतें. राज्यांतील विद्यापीठ एकच, १९१८ मध्यें स्थापन झालेलें हैदराबादचें उस्मानिया. आणि तेथील शिक्षणाचें माध्यम उर्दू. देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसाचा प्रयोग होता, हें खरें. परंतु ती भाषा या मुलाच्या घरची नव्हती. १९४८ च्या सप्टेंबरांत निजामी राजवट संपली. १९५० मध्यें औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालय निघालें, तें डॉ. आंबेडकरांच्याच पुढाकारानें. ज्यांनीं स्वतः विद्येसाठीं समुद्र ओलांडला, त्यांनींच मराठवाड्याच्या मुलासाठीं विद्या दारापाशीं आणली. २३ ऑगस्ट १९५८ रोजीं मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली; १ मे १९८१ रोजीं जालना स्वतंत्र जिल्हा झाला; आणि २०१८ मध्यें मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेची शाखा खुद्द जालन्यांत सुरू झाली.

अंतर असें संपलें. आतां राहिला प्रश्न, आणि प्रश्नांची या जिल्ह्यांत वाण नाहीं. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत तेथील दात्यांचा उल्लेख आहे. १९७३ मध्यें नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनीं मिळून तेथें उत्खनन केलें, तेव्हां एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति हातीं आली. इटलींतील पाँपेई नगरांत १९३८ मध्यें सांपडलेल्या भारतीय मूर्तीशीं तिचें निकट साम्य आहे. या दोन गांवांमधील वाट शोधणें हें पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याचें काम. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईस शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशीं वेलस्लीची लढाई झाली. तिचा वृत्तांत जगानें वाचला तो मुख्यतः विजेत्याच्या लेखणींतून. मोडी वाचणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथें पुष्कळ करण्यासारखें आहे. बदनापूरच्या संशोधन केंद्रांत निघालेल्या तुरीच्या वाणांच्या नांवांत 'बीडीएन' हीं अक्षरें असतात, तीं त्या गांवाचींच. बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ मध्यें जालन्यांत बियाण्यांचा उद्योग उभारला, तो शेतकऱ्याची गरज ओळखून. आणि १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला.

विद्यार्थी पुष्कळदां सोयीचा, आधीं शंभरदां हाताळलेला विषय घेतो, कारण त्यांत पदवीची खात्री असते. त्या मोहाची किंमत मोठी आहे. तीनचार वर्षांचें तारुण्य त्यांत खर्ची पडतें आणि गांवाचा प्रश्न होता तेथेंच राहतो. पूर्वीं पदवी दूर होती आणि प्रश्न जवळ होता. आज पदवी जवळ आली आहे. तेव्हां प्रश्न दूर जाऊं न देणें, आणि त्याचें जें उत्तर निघेल तें निर्भयपणें लिहिणें, एवढेंच नव्या संशोधकाकडे मागणें आहे.