बगरूचे तळघर

बगरू हे नाव मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकास अगदीच अपरिचित नाही. जयपूरहून अजमेरच्या वाटेने सुमारे ३० किलोमीटर गेले की हे गाव लागते. सवाई जयसिंग १७४३ साली निवर्तल्यावर ईश्वरीसिंग व माधोसिंग या त्याच्या पुत्रांत गादीचा तंटा उभा राहिला आणि १७४८च्या ऑगस्टमध्ये तो बगरूपाशी रणांगणावर येऊन पोचला. मल्हारराव होळकर माधोसिंगाच्या पक्षास होते, तर सूरजमल जाट ईश्वरीसिंगाच्या. अखेरीस ईश्वरीसिंगास तह पत्करून भावास परगणे तोडून द्यावे लागले. हे सारे ग्रंथांतरी आहेच. परंतु सनावळी ध्यानात ठेवताना एक गोष्ट आपल्या नजरेआड होते, ती ही की ते दिवस ऐन पावसाळ्याचे होते. ज्या सैन्याची भिस्त तोफांवर, त्यास पावसाळ्यात शत्रूच्या जोडीने ओलीशीही झुंजावे लागते. दारू सर्द झाली की तोफ असून नसल्यासारखी.

ही गोष्ट आपल्या राज्यकर्त्यांस पुरेपूर ठाऊक होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लिहिल्या गेलेल्या त्या राजनीतीच्या ग्रंथात, दुर्गांच्या प्रकरणी दारूखान्याविषयी स्वतंत्र आज्ञा आहे. दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा, त्यास तळघर करावे, तळघरात चुन्याची गच्ची करावी, तिजवर लाकडी माच घालून मग त्यावर दारू ठेवावी, तीस सर्दी लागू देऊ नये आणि दर आठ-पंधरा दिवसांनी ती बाहेर काढून ऊन दाखवावे, असा तिचा आशय आहे. राजनीतीच्या ग्रंथात तळघराच्या जमिनीचा विचार यावा, याचे आम्हांस पूर्वी कौतुक वाटे. त्यातील शहाणपण मात्र उमगले ते बगरूच्या एका घरात.

जयपुरात बदली होऊन आम्हांस चार पावसाळे झाले. बगरू हे छिप्यांचे, म्हणजे कापडावर लाकडी ठशांनी छपाई करणाऱ्यांचे गाव. तेथील एका छिपा कुटुंबाशी आमचा घरोबा जडला. त्यांचे घर जुने, दगड-चुन्याचे, आणि खाली तळघर. इकडे त्यास तहखाना म्हणतात. पूर्वी घरची माणसे वैशाख-ज्येष्ठाच्या दुपारी तेथे विसावत. घराची दुरुस्ती काढली तेव्हा या तळघरात छापलेल्या कापडाचे कोठार करावे असे ठरले. ठेकेदाराने भिंतींचा जुना चुना खरवडला, सिमेंटचा गिलावा चढविला, त्यावर थर्मोकोलच्या पाट्या ठोकल्या आणि वर रंग दिला. उन्हाळ्यात ते दालन आरशासारखे दिसत होते. भाद्रपदात आम्ही गेलो तेव्हा पाट्यांमागे काळी बुरशी माजली होती. गिलावा जेथे संपत होता त्याच्या वर हातभर उंचीपर्यंत भिंतीला लोणा लागला होता. आणि कापडाच्या गठ्ठ्यांना असा वास येत होता की घरच्या वृद्ध आजीने पदर नाकाला लावला. वर्षभराची मेहनत त्या गठ्ठ्यांत होती.

असे का व्हावे? तळघरात ओल तीन वाटांनी येते. पहिली, छपराचे व अंगणाचे पाणी पायाशी मुरून भिंतीतून पाझरते ती. दुसरी, जमिनीतील ओल भिंतीच्या बारीक छिद्रांतून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तशी वर चढते ती. तिसरी मात्र बाहेरून येतच नाही असे वाटते, आणि तीच बहुधा फसविते. काही हात खोल जमिनीचे उष्णमान वर्षभर फारसे हालत नाही. बाहेर ४२–४३ अंशांचा वणवा पेटला असताही तळघर गार राहते ते यामुळेच. परंतु श्रावणातील दमट हवा त्या गार भिंतीस लागली की, गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमावेत, तसे तिच्यावर दव जमते. भोळ्या माणसास वाटते, ओल आहे तर खिडक्या उघडाव्यात. आणि भर पावसाळ्यात त्या उघडून तो ओल आत बोलावून घेतो.

आता सिमेंटकडे वळू. जोसेफ अस्पडिन याने इंग्लंडात १८२४ साली ज्याचे पेटंट घेतले, ते पोर्टलंड सिमेंट हा बांधकामातील मोठाच चमत्कार होय. त्याचे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु जुन्या, सच्छिद्र भिंतीवर त्याचा घट्ट लेप दिला म्हणजे भिंतीत आधीच शिरलेल्या पाण्याची बाहेर पडण्याची वाट बुजते. ते पाणी नाहीसे होत नाही, वर चढते. लेप संपेल तेथे बाहेर पडते, आणि जाताना आपल्यातले क्षार मागे ठेवून दगड-विटांचे पापुद्रे काढते. थर्मोकोलची पाटी ही तर थंड देशांतील युक्ती. तेथे घरातली ऊब राखावयाची असते. येथे जमिनीचा गारवा हेच तळघराचे प्रयोजन. पाटी त्या गारव्यास अडविते, आणि तिच्यामागे गेलेली दमट हवा अंधारात थंड भिंतीवर पाणी होऊन बसते.

दुरुस्तीची दुरुस्ती करण्यास गावातीलच एक वृद्ध चेजारा आला. गवंड्यास इकडे चेजारा म्हणतात. त्याने भिंतीस हात लावण्यापूर्वी घराला बाहेरून एक फेरी मारली. पन्हळीचे पाणी पायातच पडत होते, ते त्याने दूर नेले. अंगणाचा उतार भिंतीकडे होता, तो उलटा केला. मग सिमेंट पार काढविले आणि एक संपूर्ण उन्हाळा भिंती उघड्या ठेवावयास लावल्या. घरधन्यास घाई होती; ठेकेदाराला दिलेला पैसा बुडाला होता, कोठाराविना माल शेजाऱ्यांकडे पडला होता. परंतु म्हातारा ऐकेना. भिंत सुकल्यावर चुना व सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, यांचा गिलावा त्याने केला. चुना आधी बरेच दिवस भिजवून ठेवला होता, आणि त्यात गूळ, मेथी व गुग्गुळ घातले होते. आपल्याकडच्या वाड्यांच्या घाणीच्या चुन्यातही गूळ पडत असे, याची आम्हांस आठवण झाली. सुरखीमुळे चुना ओलीतही घट्ट होतो, परंतु श्वास कोंडून धरीत नाही. जमिनीवर खडीचा थर व त्यावर चुन्याची गच्ची झाली. कापडासाठी लाकडी माच, तोही भिंतीपासून वीतभर दूर. झरोके पावसाळी दिवसांत मिटावेत व कोरड्या हवेत उघडावेत, अशी ताकीद त्याने घरच्या सुनेस दिली.

गच्ची, माच, सर्दीपासून जपणूक, कोरड्या दिवसाची वाट पाहणे — अमात्यांची आज्ञाच जणू आमच्यासमोर कोणी वाचीत होते. त्या म्हाताऱ्याने आज्ञापत्राचे नावही ऐकले नसेल. पाण्यास सर्वस्वी बंदी घालता येत नाही, त्यास वाट ठरवून द्यावी लागते, हे ज्ञान दख्खनेत आणि ढूंढाडात अनुभवातून वेगवेगळे पण एकच निपजले, असेच म्हटले पाहिजे.

आणि बगरूच्या छिप्यांस तरी हे कोणी वेगळे शिकवावयास हवे होते काय? त्यांचा दाबू म्हणजे दुसरे काय? माती, चुना, डिंक आणि किडलेल्या गव्हाचा भुगा यांचा लगदा ते ठशाने कापडावर उमटवितात. नीळ तेवढ्या जागेपुरती अडते, बाकी कापड भिजते, आणि काम झाले की लगदा धुऊन जातो. नीळ ठेवण्याच्या त्यांच्या कुंड्याही जमिनीत खोल उतरलेल्या असतात. ज्या घरात ओलीची इतकी जाण पिढ्यान्‌पिढ्या वागत होती, त्याच घराच्या भिंतीवर नव्या लेपाची भूल पडावी, ही आमच्या काळाची गोष्ट आहे.

तथापि चुन्यालाही मर्यादा आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठविण्याची पेवे मातीच्या गुणावरच पिढ्यान्‌पिढ्या कोरडी राहिली. २००५च्या महापुराने मात्र त्यांची मोठी हानी केली. पाझर निराळा, पूर निराळा. जेथे भूजल जमिनीच्या वर येते, तेथे भिंतीच्या बाहेरून नव्या प्रकारचे जलरोधक थर व पाणी उपसण्याची सोय हवीच. रस्त्याचे पाणी जेथे उतरू शकते त्या तळघरात तर माणसाने वस्तीच करू नये. जुलै २०२४ मध्ये दिल्लीच्या राजेंद्रनगरात तळघरातील अभ्यासिकेत पाणी शिरून तीन विद्यार्थी दगावले, आणि त्यानंतर आठवडा उलटण्यापूर्वी आमच्या जयपुरातही एका तळघरात तिघांचा बळी गेला. तळघरात पुस्तके, कापड, फार तर दारूगोळा ठेवावा. वर येण्याची वाट एकच असेल तर माणसे ठेवू नयेत.

आम्ही बदलीची माणसे. आज या सरकारी बंगल्यात, उद्या त्या. भिंतीला ओल दिसली की चुना मारून घ्यावा, पुढचा येईल तो पाहील, अशी आमच्यापैकी पुष्कळांची वहिवाट. बगरूतून परतताना आम्हांस तिची थोडी लाज वाटली. मल्हाररावांच्या फौजा या मुलखात आल्या त्या खंडणीसाठी. तिच्या तगाद्यापायी १७५० च्या डिसेंबरात ईश्वरीसिंगाने विष घेतले, हे इकडचे लोक विसरलेले नाहीत. आम्हांस मात्र त्याच गावाने काही न मागता एक विद्या दिली. गेल्या भाद्रपदात त्या तळघरात पुन्हा उतरलो. माचावर गठ्ठे होते, भिंतीला हात लावला तर ती गार होती आणि कोरडी होती. आजीने एक गठ्ठा सोडून निळे वस्त्र आमच्या हाती दिले व म्हणाली, वास घेऊन पाहा. कापडाला निळीचा वास होता, दुसरा कसलाही नव्हता.