कापूस खाता येत नाही

हल्ली ऑफिसात लंच टेबलवर दर आठवड्याला कुणीतरी जाहीर करतं, 'बस्स, आता गावी जाऊन शेती!' पर्माकल्चरचे व्हिडिओ बघून झालेले असतात. मीही त्यातलाच. वणीजवळ आमची तीन एकर काळी जमीन आहे, ती काका कसतात. त्यातल्या एकरभरात घरचं सगळं खाणं पिकवावं, असा प्लॅन डोक्यात आहे. पण त्या एकरावर काकांच्या घराचाही खर्च चालतो, म्हणून आधी थोडा इतिहास वाचायला घेतला.

पर्माकल्चर हा शब्द गाजला १९७८ मध्ये, बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोन ऑस्ट्रेलियनांच्या पुस्तकामुळे. पण आपल्याकडे हा प्रश्न त्याहून जुना आहे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेला. (आपला यवतमाळ जिल्हा तेव्हाच्या कागदोपत्री काही काळ 'वणी' जिल्हा होता, माहीत होतं?) १८६१ ते ६५ च्या अमेरिकन यादवीत मँचेस्टरला कापूस मिळेना, भाव भडकले आणि वऱ्हाडात पांढरं सोनं पिकू लागलं. भाव आपल्या हातात नाही, आणि कापूस काही खाता येत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर!

यावरचा पहिला व्यवस्थित विचार झाला आमच्यापासून दोन-तीन तासांवर, वर्ध्याला. १९३४ च्या अखेरीस गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. त्याचं काम मगनवाडीतून बघायचे जे. सी. कुमारप्पा. लंडनमध्ये शिकलेले चार्टर्ड अकाउंटंट, पण रमले तेलघाणी, हातकागद आणि मधमाश्यांत. १९४५ साली आलेल्या 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स'मध्ये त्यांनी चक्क हिशेब मांडला: माणसाला धान्य, डाळ, गूळ, तेल, भाजी, फळं किती लागतात आणि त्यासाठी जमीन किती राखायची. कापूसही आहे त्यात, पण अंगावरच्या कपड्यापुरता.

१९५० मध्ये पवनारला विनोबांनी कांचनमुक्तीचा प्रयोग केला. पैसा बंद, बैलही नाही. विहिरीचा रहाट माणसंच फिरवायची. पुढे कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी पाच जणांच्या कुटुंबाला दहा गुंठे, म्हणजे पाव एकर, पुरेल असं गणित मांडलं. पानांवर पडणारं ऊन हेच त्यांचं भांडवल.

आता गंमत बघा. यातलं एकटं घर कुठेच नाही! कुमारप्पांचा हिशेब एक लाख लोकवस्तीचा आहे, म्हणजे तेली, लोहार, विणकर सगळे धरून. पवनारला आश्रम होता, तिथे पोरांच्या फीचा प्रश्न नव्हता. दाभोळकरांच्या दहा गुंठ्यांमागे प्रयोग परिवार होता, एकमेकांना अनुभव कळवणाऱ्या शेतकऱ्यांचा. व्हिडिओत मात्र एक जोडपं, एक कुत्रा आणि एक मातीचं घर दिसतं. बाकीचं गाव फ्रेमच्या बाहेर.

म्हणून माझा प्लॅन बदलला. एकर नाही, दहा गुंठेच. आधी बांधबंदिस्ती, कारण आमच्याकडे पाऊस चार महिन्यांत येऊन जातो आणि उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मग ज्वारी, तूर, जवस, भाजी, कडेला शेवगा आणि लिंबू. तेल गावातल्या घाणीवरून. उरलेल्या जमिनीत काकांचा कापूस आणि तूर चालू राहील. दवाखाना आणि फी रोखीतच भरावी लागते, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

काकांना फोनवर हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दहा गुंठे घे ना बाप्पा, पण निंदायले कोण येईन?"

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच पुस्तकात तयार मिळत नाही. असो. जूनच्या आत शोधायचंय.