मळ्या कुणी सांगितला?

१९७८ च्या जूनमध्ये मी मुळशी तालुक्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवायला गेलो, तेव्हा माझ्या ट्रंकेत दोन गोष्टी होत्या. एक पुण्यात घेतलेली, रीळ लावलेली नवीकोरी फिशिंग रॉड. दुसरी म्हणजे हेन्री सुलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या इंग्रज अधिकाऱ्याचं १८७३ साली निघालेलं 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक. पुस्तक दोनदा वाचून झालं होतं. मासा मात्र एकही धरला नव्हता.

पहिल्याच रविवारी धरणाला मिळणाऱ्या एका ओढ्यावर गेलो. वरच्या अंगाला एका दगडावर एक कातकरी म्हातारा बसला होता. हातात बांबूची काठी, शेजारी टोपली, डब्यात गांडुळं. मी खाली, चांगल्या उघड्या जागी, छाती काढून उभा राहिलो. सकाळभर माझा गळ कुणी हुंगलाही नाही. म्हाताऱ्याच्या टोपलीत तीन शिंगट्या पडल्या. जाताना तो माझ्याजवळ थांबला आणि म्हणाला, "मास्तर, तुमच्या आधी तुमची सावली पान्यात उतरली. मग मासा कशाला थांबतोय?"

सूर्य माझ्या पाठीशी होता. पुस्तकात याबद्दलही लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलंही होतं. पण वाचणं वेगळं आणि पाण्याकाठी भर उन्हात ते आठवणं वेगळं.

पुढच्या रविवारी मी रॉड घरी ठेवली आणि नुसता जाऊन बसलो. पाण्याकाठचे काही अलिखित नियम असतात, ते हळूहळू कळत गेले. आधी आलेल्याच्या वर जाऊन बसायचं नाही. बोलायचं नाही. 'जागा कुठली चांगली?' हे कधीच विचारायचं नाही, कारण जागा ही त्या माणसाची शिदोरी असते. माशाविषयी मात्र विचारलेलं चालतं. तिसऱ्या की चौथ्या रविवारी मी विचारलं, "बाबा, हा कुठला?" टोपलीतल्या बोटभर माशाकडे बघून तो म्हणाला, "मळ्या."

मग नावं येत गेली. मळ्याच्या तोंडाखाली चकतीसारखं काहीतरी असतं. तिनं तो दगडाला चिकटतो, म्हणून पुराच्या ओढीतही वाहून जात नाही. मुरा तळाच्या वाळूत बसतो. वांब दगडाच्या फटीत राहते. शिंगटी धरताना बोटं तिच्या काट्यामागून घालायची, नाहीतर दिवसभर हात ठणकतो. आणि खडस, जिला कुणी खडशी म्हणतं, तो आपला महसीर. तिच्याविषयी बोलताना म्हाताऱ्याचा आवाज आपोआप खाली यायचा. पहिल्या पावसात ओढ्यांतून चढणीचे मासे वर निघतात तेव्हा सगळा गाव पाण्यात उतरतो. पण मोठी खडस त्या गढूळ पाण्यात येत नाही, असं तो सांगायचा. पूर ओसरून पाणी जरा निवळलं की ती येते. मी हे सगळं एका शंभरपानी वहीत लिहीत होतो.

इतिहासाचा मास्तर असल्यामुळे मला पुढे प्रश्न पडला, की माझ्या आधी इथे कुणी ही नावं लिहून घेतली होती का? शोधता शोधता विल्यम हेन्री साईक्स या लष्करी अधिकाऱ्यापाशी पोचलो. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. नव्या मुलखात काय काय आहे याची मोजदाद करायला मुंबई सरकारनं १८२४ मध्ये साईक्सची नेमणूक केली. १८३१ पर्यंत तो दख्खनमध्ये हिंडत राहिला. गावं, शेतं, पाऊस, पक्षी, जनावरं अशा सगळ्यांची त्यानं नोंद केली. मासे त्याला नवेच होते. भीमा, घोड, इंद्रायणी, मुळा-मुठा या नद्यांतले मासे त्यानं गोळा केले, आणि १८३९ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या कामकाजात त्यांची वर्णनं छापून आली.

ती यादी वाचताना मी चकित झालो. शास्त्रीय नावं लॅटिन धाटणीची असायला हवीत, असा तेव्हाचा रिवाज होता. साईक्सनं पुष्कळ ठिकाणी कानावर पडलेलं मराठी नावच उचललं आणि जसं ऐकू आलं तसं रोमन लिपीत लिहिलं. शिंगटीचं झालं 'सींगटी'. मुऱ्याचं झालं 'मूरेह'. मळ्या झाला 'मुल्या'. आणि पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या महसीरचं झालं 'खुद्री'. आज जगातला कुठलाही मत्स्यशास्त्रज्ञ दख्खनच्या महसीरला 'टॉर खुद्री' म्हणतो आणि मळ्याला 'गॅरा मुल्या' म्हणतो. मावळातल्या ओढ्यावरचे शब्द जवळजवळ दोनशे वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांत नांदताहेत.

परक्या मुलखातून आलेला हा नवशिका पाण्याकाठी कुणाला तरी 'हा कुठला?' असं विचारत होता, हे त्या यादीवरून उघड दिसतं. मिळालेलं उत्तर त्यानं बदललं नाही, हा त्याचा मोठेपणा. पण त्याच यादीत दुसरीही नावं आहेत. एका माशाला लंडनच्या सोसायटीतल्या ऑगिल्बीचं नाव आहे, एकाला व्हिगर्सचं, एकाला चिल्ड्रनचं. पुढे १८७२ मध्ये फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञानं पुण्याकडच्या एका लहान माशाला एव्हेझार्ड या लष्करी अधिकाऱ्याचं नाव दिलं. भोयांनी आणि कातकऱ्यांनी सांगितलेले शब्द शास्त्रात गेले, पण त्यांच्यापैकी एकाही माणसाचं नाव कुठल्या माशाला मिळालं नाही.

साईक्सनं पाहिलेल्या या मुळेच्या उगमाकडे पुढे फार मोठी उलथापालथ झाली. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाशी टाटा कंपनीनं धरण बांधायला घेतलं. सह्याद्रीवरून पाणी पश्चिमेला कोकणात भिरा इथं सोडायचं आणि मुंबईसाठी वीज करायची, अशी ती योजना. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट हे त्याचे पुढारी. १९२४ पर्यंत लढा चालला आणि शेवटी धरण झालंच. आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरं पाण्याखाली गेली. ही हकिकत आपल्याला ठाऊक असते. त्यातली एक बाजू मात्र मला ओढ्यावरच कळली.

धरण भरलं तेव्हा म्हातारा लहान पोर होता. त्याचा बाप नदीवरचा पट्टीचा मासेमार. कुठल्या डोहात कुठल्या महिन्यात काय असतं, हे त्याला तोंडपाठ. पाणी चढलं आणि ते सगळे डोह एकाच अथांग पाण्याखाली गेले. ओढ नाही, खळाळ नाही, तळ दिसत नाही. "तवा आमचा बापबी नवशिकाच झाला," म्हातारा म्हणाला. "तीन वर्सं त्याच्या हाताला मासा लागंना. मंग लहान पोरावानी काठानं हिंडून हिंडून शिकला." शेतकऱ्याची जमीन गेली, ती सातबाऱ्यावर तरी होती. डोहांची माहिती कुठल्याच कागदावर नव्हती. ती बुडाली, तिचा पंचनामा झाला नाही.

जाणत्याकडून शिकून त्याची पावती देणारा एक माणूस आपल्यातही होऊन गेला. डॉ. चंद्रशेखर कुलकर्णी हे मत्स्यखात्यातले अधिकारी. १९५२ मध्ये त्यांनी कोल्हापूरकडच्या पंचगंगेतल्या एका माशाचं शास्त्रीय वर्णन केलं. हा मासा दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खातो. मराठीत त्याला 'खवलेचोर' म्हणतात. कुलकर्ण्यांनी शास्त्रीय नाव तेच ठेवलं, 'खवलचोर'. त्या एका शब्दात माशाच्या वागण्याचं अख्खं निरीक्षण आहे, आणि ते प्रयोगशाळेच्या आधी नदीवर झालेलं आहे.

याच कुलकर्ण्यांनी १९७० नंतर लोणावळ्याला टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात महसीरची पैदास करायचा घाट घातला. शशांक ओगले त्यांच्याबरोबर होते. धरणं, प्रदूषण आणि सुरुंग लावून केलेली मासेमारी यांमुळे महसीर संपत चालला होता. पावसाळ्यात तलावाला मिळणाऱ्या ओढ्यांच्या तोंडाशी जाळी लावून पिकलेले नर-मादी धरायचे. मादीचं पोट हलक्या हातानं दाबून अंडी घ्यायची, त्यांवर नराचं वीर्य सोडायचं आणि दोन्ही मासे पुन्हा पाण्यात. रोहूची अंडी दिवसाच्या आत फुटतात, महसीरची फुटायला तीन दिवसांच्या आसपास लागतात. हा उशीर त्यांनी कामी आणला. ओल्या कापसात ठेवून ही अंडी दूरवर पाठवता येतात, हे त्यांनी दाखवून दिलं. जुलै-ऑगस्टमधल्या विणीच्या नोंदी वाचताना मला म्हाताऱ्याची निवळत्या पाण्याची खूण आठवली. नोव्हेंबर २०२० मध्ये बातमी आली की जागतिक लाल यादीत टॉर खुद्री आता 'संकटग्रस्त' राहिलेला नाही. त्यामागे या केंद्राचे अनेक वर्षांचे कष्ट आहेत.

या यशाला एक दुखरी बाजूही आहे. लोणावळ्याच्या बिजातला हा महसीर कर्नाटकात कावेरीतही सोडला गेला. हेतू चांगला होता. पण कावेरीत स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला, जगातल्या मोठ्यांत मोठा असा महसीर होता. पाहुणा वाढत गेला आणि घरचा दिसेनासा झाला. हे सिद्ध कशावरून झालं? कावेरीकाठच्या गलिबोरे इथल्या कॅम्पवर गळ टाकणारे हौशी लोक धरलेल्या प्रत्येक माशाची नोंद करून तो सोडून देत. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा घसरण आकड्यांत दिसली. २०१८ मध्ये त्या कुबडी महसीरची ओळख 'टॉर रेमादेवी' अशी पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. पाण्याकाठच्या माणसांना आधी विचारलं असतं, तर प्रत्येक नदीचा मासा वेगळा असतो हे त्यांनी सांगितलं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

आता पुन्हा माझ्या ओढ्यावर येतो. चौथ्या पावसाळ्यात पाणी निवळत असताना माझ्या गळाला हातभर लांबीची खडस लागली. आयुष्यातली पहिलीच. पोट तट्ट फुगलेलं, अंड्यांनी भरलेलं. मी बराच वेळ ती पाण्यातच धरून ठेवली, मग गळ काढला आणि हात सैल केला. खोटं कशाला सांगू, जिवावर आलं होतं. म्हातारा वरून बघत होता. तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्याचा नातू खोलीवर आला, "आज्यानं बोलावलंय." गेलो. म्हातारा दगडावर एका बाजूला सरकला आणि शेजारची जागा त्यानं हातानं पुसली. माझ्या नोकरीत मला पुढे दोन-तीन शाली-श्रीफळं मिळाली, पण त्या ओल्या दगडाची सर त्यांना नाही.

त्यानंतर काही वर्षांनी मी त्याला साईक्सची गोष्ट सांगितली. तो शांतपणे ऐकत होता.

"म्हंजी आमचा मळ्या साहेबाच्या पुस्तकात हाये?"

"हो बाबा. दीडशे वर्षं झाली."

"मंग साहेबाला मळ्या कुनी सांगितला?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. त्या संध्याकाळी मी वही काढली आणि प्रत्येक नावापुढे ते कुणी सांगितलं, कधी सांगितलं, हे लिहायला बसलो. मळ्यापुढे म्हाताऱ्याचं नाव लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "वहीत लिव. पेपरात नको. उद्या कुनी यायचं इचारायला, कुठल्या पान्यात धरतोस म्हनून." इंग्रजांच्या काळात कातकऱ्यांवर गुन्हेगार जमातीचा शिक्का होता. कागदावर आलेलं नाव धोक्याचंच, हे ती माणसं पिढ्यान् पिढ्या शिकली होती. साईक्सला सांगणाऱ्यालाही असंच वाटलं असेल का, कोण जाणे. म्हातारा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्याचा शब्द मोडायचा नाही, म्हणून इथंही नाव घेत नाही.

साईक्सला खुद्री जिथं मिळाला, त्या पुण्याखालच्या मुळा-मुठेत आज शहराचं सांडपाणी वाहतं. वर मुळशीत पाणी अजून स्वच्छ आहे, आणि सुट्टीच्या दिवशी नव्या रॉड घेऊन आलेली तरुण मुलं काठावर दिसतात. त्यांची सावली पाण्यात पडलेली असते. त्यांना हसावंसं वाटत नाही, मीही तिथंच उभा होतो. जवळपास एखादा जाणता बसलेला असेल, तर त्याच्या खालच्या अंगाला बसा आणि माशाचं नाव विचारा, एवढंच सांगतो. आणि त्याची हरकत नसेल, तर त्याचंही नाव लिहून ठेवा.

म्हाताऱ्याच्या नातवानं मागच्या पावसाळ्यात ती वही वाचायला नेली होती. परत आली तेव्हा शेवटच्या पानावर वेगळ्या अक्षरात दोन माशांची नावं वाढली होती. दोन्ही मी कधी ऐकलेली नव्हती. दोन्हींपुढे त्यानं लिहिलं होतं, "आजीनं सांगितलं."