काकांच्या तीन बंदुका

७ डिसेंबर २०१९, शनिवार. सकाळी (म्हणजे माझ्या हिशेबाने सकाळी, घड्याळात साडेदहा वाजले होते) गावाहून काकांचा फोन. गाव म्हणजे हिमायतनगर, जिल्हा नांदेड. हे नाव निजामाच्या काळातलं, जुनी माणसं अजून वाढोणाच म्हणतात. आमचे काका सहसा फोन करत नाहीत. केला तर कोणीतरी गेलेलं असतं किंवा कोणाचं तरी लग्न ठरलेलं असतं. त्यामुळे मी धसकूनच उचलला.

"अरे, तू इंटरनेटवर बघून सांग बरं. एकच बंदूक ठेवू देणार म्हणायलेत. खरं हाय का?"

खरं होतं. २९ नोव्हेंबरला लोकसभेत शस्त्र कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आलं होतं. १९८३ पासून एका माणसाला जास्तीत जास्त तीन बंदुका ठेवता येत होत्या, त्या तीनावरून थेट एकावर आणायच्या असा प्रस्ताव होता. आणि आमच्या काकांकडे बरोब्बर तीन.

पहिली ठासणीची. पणजोबांच्या काळातली, वरून दारू ठासायची. माझ्या जन्मात ती कोणी उडवलेली नाही. दसऱ्याला तिला तेलपाणी, हळदकुंकू आणि आपट्याची पानं, बस्स. दुसरी बारा बोअरची डबल बार, शेतासाठी. पैनगंगेच्या पलीकडे उमरखेड तालुक्यात अभयारण्य आहे. तिथले डुकरं आणि रोही यांना आपण कुठल्या जिल्ह्यात शिरतोय याच्याशी काही देणंघेणं नसतं. तिसरं कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .३२ रिव्हॉल्व्हर. काकांची कापसाची आडत होती, रोख रक्कम घेऊन रात्री-बेरात्री यावं लागायचं, त्या दिवसांत घेतलेलं. आडत बंद होऊन जमाना झाला, रिव्हॉल्व्हर राहिलं.

"आता ह्यातली कोणती देऊ? आन् सरकारला कामून पाहिजेत माझ्या बंदुका? मी काय कोणाला मारायलोय का?"

मी पुण्यात बसून जावा लिहिणारा माणूस. बंदुकीशी माझा संबंध काउंटर-स्ट्राईकपुरता. पण प्रश्न डोक्यात बसला आणि पुढचे तीन-चार वीकेंड त्यातच गेले. त्यातून हाती आलेलं इथे मांडतोय.

आधी काकांची बाजू, कारण ती अगदीच टाकाऊ नाही. परवानाधारकांचं म्हणणं सरळ होतं. आम्ही पोलिसांची चौकशी करून घेतली, फोटो दिले, दर नूतनीकरणाला कचेरीचे हेलपाटे घातले. सरकारकडे आमचा पत्ता आहे. खून करणारा परवाना काढायला जात नाही! राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे बघितले तर बंदुकीने झालेल्या खुनांत विनापरवाना हत्यारांचाच वाटा प्रचंड असतो. मग कात्री आम्हालाच का? नेमबाजांचं म्हणणं होतं की वेगवेगळ्या प्रकारांना वेगवेगळी बंदूक लागते. जुन्या संस्थानिकांच्या घराण्यांना वाडवडिलांच्या बंदुकांची काळजी. पंजाबचे तेव्हाचे मुख्यमंत्री अमरिंदर सिंग यांनीही विरोध केला. शेवटी ९ डिसेंबरला लोकसभेत गृहमंत्र्यांनीच एकाऐवजी दोनाची सुधारणा आणली. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत मंजुरी, १३ तारखेला राष्ट्रपतींची सही. दोन ठेवा आणि तिसरी वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. वारसाहक्काने आलेली बंदूकही याच दोनात धरायची. त्याच कायद्याने परवान्याची मुदत मात्र तीनाची पाच वर्षं केली, आणि लग्नाच्या वरातीत बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. (आमच्याकडच्या काही वराती आठवल्या, आणि हे कलम मला मनापासून आवडलं.)

काकांचा आणखी एक जुना राग आहे. निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा करायला बोलावणं येतं. खरं तर निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे जिल्ह्याच्या छाननी समितीने कोणाची बंदूक जमा करायची ते पाहून ठरवायचं असतं. पण सरसकट गोळा करणं सोपं. मग ऐन हंगामात बारा बोअर ठाण्यात आणि डुकरं शेतात. सिंधुदुर्गातले शेतकरीही नेमकं हेच रडगाणं गातात. त्यात मध्येच परवान्यांचा राष्ट्रीय डेटाबेस आला. प्रत्येकाला एक युनिक नंबर, नंबर नाही तर परवाना रद्द. मुदत जाहीर व्हायची आणि वाढायची, पुन्हा जाहीर व्हायची आणि पुन्हा वाढायची. (डेडलाईन पुढे ढकलणं ही फक्त आमच्याच इंडस्ट्रीची मक्तेदारी आहे असं मला वाटायचं. असो.)

आता इतिहास.

हिंदुस्थानात बंदुकीला परवाना ही भानगड नीट रुजली ती १८७८ च्या शस्त्र कायद्याने. व्हाइसरॉय लिटन. १८५७ होऊन वीसच वर्षं झाली होती आणि दख्खनमध्ये दुष्काळ होता. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके पकडले गेले. या कायद्यात लोकांना झोंबलं ते 'परवाना घ्या' हे नव्हतं. गोऱ्या माणसाला परवान्यातून सूट होती, हे झोंबलं. म्हणजे शस्त्र धोकादायक नाही, धोकादायक तुम्ही आहात! १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला. १९३१ च्या कराची अधिवेशनातल्या मूलभूत हक्कांच्या ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कच घातला होता.

म्हणजे स्वातंत्र्य मिळाल्यावर हा हक्क राज्यघटनेत यायला हवा होता, नाही का? तो आणायचा प्रयत्न झालाही. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरी विष्णू कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली. हे कामत मध्य प्रांत-वऱ्हाडातले, म्हणजे आमच्या नदीपलीकडच्या प्रांतातले. त्यांनी कराचीच्या ठरावाची आठवण करून दिली. उत्तर द्यायला उभे राहिले डॉ. आंबेडकर. काँग्रेसने ही मागणी केली होती हे त्यांनी नाकारलं नाही, पण परिस्थिती बदलली आहे असं सांगितलं. इंग्रजांनी शस्त्रबंदी केली ती शांततेसाठी नव्हे, परक्या सत्तेविरुद्ध गुलामांच्या हाती शस्त्र नको म्हणून. आता सरकार आपलं आहे. मग सराईत गुन्हेगारालासुद्धा शस्त्राचा मूलभूत हक्क द्यायचा का? दुरुस्ती फेटाळली गेली. म्हणून अमेरिकेत बंदूक हा हक्क आहे, आणि आपल्याकडे ती परवानगी आहे.

काकांना मी फोनवर हे सगळं उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "ते ठीक हाय. पण रझाकाराच्या टायमाला तुझ्या पणज्याच्या हातात ठासणीची नसती, तर तू आज पुण्यात नसता."

आमच्या घरातली ही मूळ कथा. लहानपणापासून ऐकलेली. आणि मराठवाड्यात या वाक्यापुढे वाद संपतो.

कारण १८७८ चा कायदा आमच्याकडे थेट लागू नव्हताच. पैनगंगेच्या उत्तरेला इंग्रजांच्या ताब्यातलं वऱ्हाड, दक्षिणेला निजामाचं राज्य. नदी ओलांडली की कायदा बदलायचा. १९४७-४८ मध्ये अलीकडे रझाकार, आणि पलीकडे उमरखेडला स्टेट काँग्रेसचा कॅम्प. ३० जानेवारी १९४८ ला कार्यकर्त्यांनी आमच्या जवळच्या उमरीची बँक लुटली, लढ्यासाठी पैसा हवा म्हणून. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. तिकडे सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानं भरभरून निजामाला शस्त्रं पोचवत होता. ज्याच्या हातात बंदूक त्याचा शब्द, असं ते वर्ष होतं. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ ला निजाम शरण आला. आपली शाळेतली गोष्ट इथे संपते.

पण तारखा बघा. कामत आणि आंबेडकर दिल्लीत बोलत होते तेव्हा हिमायतनगर लष्करी राज्यपालाच्या अंमलाखाली होतं. आणि त्याच सुमारास पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि त्यांचे सहकारी हैदराबाद राज्यात फिरून आले. पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर जे अत्याचार झाले त्याची पाहणी करायला भारत सरकारनेच त्यांना पाठवलं होतं. हा अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही, २०१३ मध्ये लोकांसमोर आला. त्यातला मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार आहे. सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड ही नावं आहेत.

होय, आपलं नांदेड.

आणि त्यातली एक नोंद वाचून मी लॅपटॉप बंद केला. फौजेने गावोगावी मुसलमानांची शस्त्रं काढून घेतली, हिंदूंची मात्र बऱ्याच ठिकाणी त्यांच्याकडेच राहू दिली.

रझाकारांनी केलेलं खोटं नाही. आमच्या भागातल्या प्रत्येक घरात त्याची आठवण आहे. पण ही दुसरी आठवण कोणाच्या घरात आहे? निदान आमच्या घरात मी ती कधी ऐकली नव्हती.

जानेवारी २०२० मध्ये दोन दिवसांसाठी गावी गेलो. आबांची (म्हणजे आजोबांची) धाकटी बहीण, आमची आत्याआजी, तेव्हा आमच्याकडेच होती. वय ऐंशीच्या पुढे, कान कमी पण आठवण पक्की. काका ठासणीची काढून पुसत बसले होते. म्हणत होते, हीच देऊन टाकतो, निकामी हाय, बाकी दोन कामाच्या तरी हायत. मी सहज विचारलं, "आत्याआजी, पणजोबांनी ही कुठून आणली होती हो?"

"आणली कुठं? ही आपली नाईच की. गल्लीच्या तोंडाशी भाईसाबाचं घर होतं, त्येंची ही. मिलिटरी यायच्या टायमाला बाबाकडं आणून दिली. म्हणले, अमानत म्हणून ठिवा, नंतर नेतो. लेकरंबाळं घिऊन हैद्राबादला गेले. मग कुठं आले?"

काकांचा हात थांबला. मग ते म्हणाले, "मला कोणी सांगितलं नाई हे."

"तू कधी इचारलंस?"

आम्ही तिघंही जरा वेळ गप्प बसलो. पणजोबांनी रझाकारांना थोपवलं ती बंदूक ही नव्हती. थोपवलं होतं का, तेही आता कोणाला विचारणार? परवाना नंतर कधीतरी आमच्या नावावर झाला. मधली वर्षं कुठल्याच कायद्यात बसत नाहीत. भाईसाबांनी बंदूक दिली म्हणजे त्यांचा पणजोबांवर भरवसा होता, हे मला बरं वाटतं. पण ते गेले तेव्हा त्यांच्या हातात काही नव्हतं, आणि ते आमच्या घरात होतं. हेही तितकंच खरं.

तेव्हापासून या विषयावर माझं मत जरा वेगळं झालंय. किती बंदुका, एक, दोन की तीन, हा प्रश्न तसा लहान आहे. शस्त्राचा कायदा आला की आधी विचारावं की तो कोणाकोणाला लागू होणार. १८७८ मध्ये गोऱ्यांना सूट होती. १९४८ मध्ये आमच्याकडे एका बाजूची शस्त्रं गेली आणि दुसऱ्या बाजूची राहिली. आजही कोडगूमध्ये कोडवांना परवान्यातून सूट आहे, इंग्रजांच्या काळापासूनची, २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली. त्या मानाने दोनाचा नियम महाराजांनाही तोच आणि हिमायतनगरच्या शेतकऱ्यालाही तोच. कागदावर तरी. म्हणून काकांनी तक्रार करायचीच तर बंदूक गेली म्हणून करू नये. निवडणुकीत माझी जमा झाली तेव्हा पुढाऱ्याच्या माणसाचीही झाली का, हे विचारावं. नूतनीकरणाला मला सहा महिने लागले, त्याला किती लागले? माझ्या मते परवानाधारकांचा खरा मुद्दा हा आहे. आंबेडकरांचं उत्तर सरकार आपलं आहे यावर उभं होतं. ते सगळ्यांना सारखंच आपलं वाटलं तर लोक बंदूक खाली ठेवतात. भाईसाबांना ते तसं वाटलं असेल का?

पुढे कोविड आला. वर्षाची मुदत संपत आली तेव्हा, दिवाळीच्या आसपास, काकांचा पुन्हा फोन.

"देऊन आलो बाबा."

"ठासणीची?"

"रिव्हॉल्व्हर दिलं. पावती घेतलीय."

मी म्हटलं, काका, पण ती ठासणीची तर उडतसुद्धा नाही. वारशाच्या नियमात बसवून पुढे कोणाच्या नावावर करायची तर पुन्हा सगळे कागद. निकामी ठेवली आणि चालू दिली?

"अरे, रिव्हॉल्व्हर माझं होतं, म्हणून दिलं," काका म्हणाले. "ही अमानत हाय. दुसऱ्याची वस्तू मी कशी जमा करू?"

कायद्याच्या भाषेत याला काही अर्थ नाही, हे मला माहीत आहे. डेटाबेसात ती काकांच्याच नावावर, काकांच्याच नंबरवर आहे. पण या दसऱ्याला मी गावी होतो. काकांनी हळदकुंकवाची ताटली उचलली, ठासणीचीपाशी जरा थांबले, आणि तिला नुसतं तेलपाणी करून एक आपट्याचं पान ठेवलं.

मी काही विचारलं नाही.