कापसाच्या गांठीवरील अक्षर

मराठी मुद्रणाचा इतिहास सांगतांना सुबक खिळ्यांचाच गौरव बहुधा होतो, आणि तो रास्तही आहे. १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी व त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांनीं देवनागरी अक्षरास जें सौष्ठव आणलें, त्यास तोड नाहीं. परंतु गोदामांत, बाजारांत व भिंतींवर वावरणारें दुसरेंही एक अक्षर आहे. तें ओबडधोबड खरें. पण निष्कारण नव्हे.

बुलढाणा जिल्ह्यांतील खामगांव ही कापसाची जुनी पेठ. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळें इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हां वऱ्हाडच्या कापसास मोठा भाव आला. पुढें १८७० सालीं जलंबहून खामगांवास जाणारा आगगाडीचा फांटा लॉर्ड मेयो यांच्या हस्तें खुला झाला. येथें दाबलेली गांठ दूर देशींच्या गिरणींत फुटावयाची. वाटेंत तिची ओळख सांगावयास मालक कोठून येणार? तें काम गांठीवरील खुणेनेंच करावयाचें. १९२५ च्या कायद्यानें तर प्रत्येक गांठीवर कारखान्याची खूण व अनुक्रमांक घालणें सक्तीचें केलें.

अशा खुणेची सोपी रीत म्हणजे कोरीव पत्रा. पातळ पत्र्यांत अक्षर कापावयाचें, पत्रा गोणपाटावर धरावयाचा आणि वरून शाईचा कुंचला फिरवावयाचा. शून्याचा मधला भाग निखळून पडूं नये म्हणून पत्र्याच्या बारीक पट्ट्या राखाव्या लागतात. त्यामुळें अक्षर तुटक उमटतें. गोणपाटाच्या जाड विणीमुळें त्याची कड खरबरीत होते. म्हणजे येथें प्रत्येक खंडाला व प्रत्येक खरबरीतपणाला कारण आहे.

शिळाछापाचें असेंच. १८३१ सालीं गणपत कृष्णाजी यांनीं मुंबईस मराठी पंचांग छापलें, तें शिळेवरच. शिळाछापांत लेखकाच्या हाताचें वळण जसेंच्या तसें कागदावर उतरतें. पुढें चित्रपटांच्या भित्तिपत्रकांना हीच सोय उपयोगी पडली. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचें १९२४ चें ‘कल्याण खजिना’चें भित्तिपत्रक प्रसिद्धच आहे. शिशाचा हातभर खिळा ओतण्यापेक्षां कुंचल्यानें हातभर अक्षर काढणें केव्हांही स्वस्त.

आज संगणकावर हींच अक्षरें मुद्दाम घडविलीं जातात. मुंबईच्या लोकल गाड्यांच्या स्थानकांवरील हातानें रंगविलेल्या पाट्यांवरून कॅथरीन श्मिट यांनीं ‘यात्रा’ हा अक्षरसंच रचला. त्यांत कुंचल्याचा कल नीट अभ्यासलेला दिसतो, म्हणूनच तो डोळ्यांस पटतो. उलट, गुळगुळीत अक्षरावर नुसते ओरखडे काढून भागत नाहीं. एकाच शीर्षकांतील तीनही ‘र’ एकाच जागीं फुटलेले दिसले, कीं सोंग उघडें पडतें. हातानें तीन वेळां काढलेला ‘र’ तीन तऱ्हांचा असतो. यास्तव जाणते अक्षरकार एकेका अक्षराचीं दोनतीन रूपें सिद्ध ठेवतात, आणि असा संच चार शब्दांच्या शीर्षकापुरताच वापरतात.

फ्लेक्सच्या फलकांनीं गांवोगांवच्या पाटी रंगविणाऱ्यांचा धंदा बसविला. ज्यांच्या हातांतून हें वळण आलें, त्यांना काम उरलें नाहीं, आणि त्यांच्या अक्षराची नक्कल मात्र शहरांत मानानें मिरविते. ही नक्कल प्रामाणिक व्हावयाची असेल, तर अक्षराआधीं हत्यार शिकावें, आणि तें चालविणारा हात अद्याप असेल तेथें प्रथम त्यालाच काम द्यावें.