मुंबई–नागपूर अंतर व प्रवासकाळ

मुंबई ही महाराष्ट्राची राजधानी आणि नागपूर ही उपराजधानी राज्याच्या जवळजवळ दोन टोकांना वसलेली आहेत. २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर करारात विधिमंडळाचे वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात घेण्याची तरतूद करण्यात आली. त्यामुळे या दोन शहरांमधील अंतराला भौगोलिक महत्त्वाबरोबरच प्रशासकीय महत्त्वही आहे. दोन्ही शहरांच्या रेखांशांत सुमारे ६ अंशांचा फरक असल्याने नागपूरचा स्थानिक सौरकाल मुंबईच्या सुमारे २५ मिनिटे पुढे असतो.

हवाई मार्ग

दोन्ही शहरांमधील सरळ रेषेतील हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे. थेट विमानाला साधारण दीड तास लागतो. मात्र विमानतळापर्यंतचा प्रवास, सुरक्षा तपासणी आणि सामान मिळेपर्यंतची प्रतीक्षा धरल्यास घरापासून मुक्कामापर्यंतचा एकूण काळ चार ते पाच तासांवर जातो. देशाच्या मध्यभागी असल्यामुळे १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत नागपूर हे मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई येथून येणाऱ्या विमानांचे मीलनस्थान होते.

रस्ता

धुळे, जळगाव, अकोला व अमरावती या जुन्या मार्गाने हे अंतर ८०० किलोमीटरहून अधिक भरते. वाटेतील शहरे, घाट व वाहतूककोंडी यांमुळे या प्रवासास १४ ते १६ तास लागत.

समृद्धी महामार्ग हा नागपूर ते ठाणे जिल्ह्यातील आमणे असा ७०१ किलोमीटर लांबीचा असून तो दहा जिल्ह्यांतून जातो. त्याचे टप्पे पुढीलप्रमाणे खुले झाले :

* नागपूर–शिर्डी (५२० किमी) : ११ डिसेंबर २०२२
* शिर्डी–भरवीर (८० किमी) : २६ मे २०२३
* भरवीर–इगतपुरी (२५ किमी) : ४ मार्च २०२४
* इगतपुरी–आमणे (७६ किमी) : ५ जून २०२५

या मार्गाने प्रवासकाळ सुमारे आठ तासांवर आला. हा महामार्ग आमणे येथे संपत असल्याने पुढे मुंबई शहरात पोहोचण्यास लागणारा वेळ वाहतुकीनुसार बदलतो.

वेग व सुरक्षितता

मोटारींसाठी कमाल वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. दुचाकी व तीनचाकी वाहनांना प्रवेश नाही. १ जुलै २०२३ रोजी बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ खासगी प्रवासी बसला अपघात होऊन आग लागली व २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. लांब, सरळ व एकसुरी रस्त्यावर चालकाची सावधता कमी होते. म्हणून प्रवासकाळ मोजताना विश्रांतीचा वेळही त्यात धरणे आवश्यक ठरते.

लोहमार्ग

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते नागपूर हे भुसावळमार्गे रेल्वेचे अंतर ८३७ किलोमीटर आहे. जलद गाड्यांना सुमारे ११ ते १४ तास लागतात. रात्रभराच्या प्रवासामुळे दिवस मोकळा राहत असल्याने ही सोय आजही प्रवाशांच्या पसंतीची आहे.