वऱ्हाडातील गृहरचना आणि लाकडी तळजमीन : बोरी अरब परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील बोरी अरब हे वऱ्हाडच्या कापूसपट्ट्यातील गाव. याच जिल्ह्यात पांढरकवडा, उमरखेड आणि पैनगंगेच्या खोऱ्याकडे शुष्क पानझडी सागवनांचे पट्टे आहेत. सागवानाच्या इतक्या सान्निध्यात असलेल्या प्रदेशात घराची भुई मात्र पिढ्यानपिढ्या माती-शेणाचीच राहिली. दरवाजे, खांब, तुळया, देवघर, पाळणा हे सारे सागाचे, आणि पायाखाली सारवण! हा केवळ दारिद्र्याचा परिणाम मानण्याची रीत आहे. ती अपुरी आहे, कारण ज्यांच्या वाड्यात सागाचे शेकडो घनफूट लाकूड वापरले गेले त्यांच्याही सोप्यात आणि स्वयंपाकघरात फळ्या नव्हत्या. गेल्या काही दशकांत शहरांपाठोपाठ तालुक्याच्या ठिकाणीही ‘वुडन फ्लोअरिंग’ येऊ लागले आहे. या पार्श्वभूमीवर येथील पूर्वीच्या लाकडी जमिनीचे स्थान तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

लाकडी जमीन होती, पण वर

मराठी मुलखात लाकडी जमीन अजिबात नव्हती असे म्हणणे चूक ठरेल. ती होती, पण माडीवर. ‘तक्तपोशी’ हा शब्दच याची साक्ष देतो. तख्ता म्हणजे फळी आणि पोशी म्हणजे आच्छादन अशी त्याची फार्सी घडण आहे. मराठीत तो जितका छताचा तितकाच जमिनीचा आहे. ‘कडीपाट’ हा शब्दही तसाच. खालच्या माणसाला जे छत ते वरच्या माणसाला भुई, ही दुहेरी भूमिका या रचनेचे मर्म आहे.

तिची बांधणी अशी असे. दगडी उथळ्यावर खांब, खांबांवर तुळई, तुळईवर ठरावीक अंतराने कड्या आणि कड्यांवर फळ्या. सामान्य ऐपतीच्या घरात फळ्यांऐवजी बांबू किंवा कामट्या येत. त्यावर पाला वा तुराट्यांचा थर, वर माती आणि शेवटी सारवण. म्हणजे माडीवरही पाय बहुधा मातीवरच पडे. लाकूड भार वाहण्यासाठी आणि खालून दिसण्यासाठी होते, चालण्यासाठी नव्हे. उघड्या फळ्यांवर वावरण्याची चैन मोठ्या वाड्यांच्या दिवाणखान्यात किंवा धान्य व दप्तर ठेवण्याच्या माळ्यावर दिसे.

या वास्तुपरंपरेचे सर्वांत परिचित उदाहरण पुण्याचे. शनिवारवाड्याचे काम १७३० मध्ये सुरू होऊन १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. त्यासाठी साग जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीहून आणला गेला. १८२८ च्या फेब्रुवारीतील आगीनंतर आज तेथे तट, दरवाजे आणि जोती उरली आहेत. लाकडी मजले गेले आणि त्यांच्याबरोबर त्या काळच्या माडीच्या जमिनीचा पुरावाही गेला. किल्ले आणि मंदिरे यांच्या तुलनेत घरगुती वास्तूच्या इतिहासाचे लेखन आपल्याकडे तोकडे का, याचे एक कारण या ज्वलनशील, विक्रेय आणि पुनर्वापरक्षम सामग्रीत आहे.

तळमजल्यावर लाकूड का नव्हते

याची कारणे तीन दिसतात : पाणी, वाळवी आणि वापराची पद्धत.

भारतीय घरातील भुई ही बसण्याची, जेवणाची, दळणाची आणि निजण्याची जागा आहे. ती दररोज ओली होते. सारवण म्हणजे देखभालीची एक पूर्ण व्यवस्था होती. भेग पडली की त्याच दिवशी, घरच्याच साहित्याने आणि घरातील स्त्रीच्या हाताने ती बुजत असे. (या श्रमाची मोजदाद कोणत्याही गॅझेटियरने केली नाही, हेही लक्षात घ्यावे.) लाकडाला असा रोजचा ओलावा मानवत नाही. युरोपचा अनुभव याला पूरक आहे. व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ च्या सुमारास संगमरवरी फरशा काढून लाकडी पार्केट बसविण्यात आले, कारण फरशी धुण्याचे पाणी खाली झिरपून लाकडी तुळया कुजत होत्या. तेथे पाणी बंद करून लाकूड राखले. वऱ्हाडात पाणी राखले आणि लाकूड वर नेले.

दुसरे कारण वाळवी, म्हणजे वऱ्हाडी बोलीतील उधई. सागाच्या पक्व गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये आणि नैसर्गिक तेल असते. म्हणून उधई त्याला सहसा शिवत नाही. परंतु गाभ्याभोवतीच्या फिकट रसकाष्ठाला हे संरक्षण नाही. काळ्या मातीला टेकलेली फळी उधईच्या वाटेतच पडते. खांबाखाली दगडी उथळे असते ते याचसाठी. लाकूड आणि माती यांची भेट टाळणे हा येथील सुताराचा पहिला नियम होता.

तिसरे कारण हवामानाचे, आणि ते सर्वांत दुर्लक्षित आहे. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी हवेतील सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते, तर जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० टक्क्यांवर जाते. त्यानुसार लाकडातील जलांशही साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान हेलकावतो. फळी लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलते. दहा सेंटिमीटर रुंदीच्या सागाच्या फळीत हा फरक एक ते दोन मिलिमीटरपर्यंत जाऊ शकतो आणि पाच मीटर रुंदीच्या खोलीत त्याची बेरीज सहज कित्येक सेंटिमीटर होते. साग हे या बाबतीत संयमी लाकूड, इतर जातींची स्थिती याहून वाईट. माडीवर फळीच्या दोन्ही बाजूंना हवा लागत असे, म्हणून ती दोन्ही अंगांनी सारखी सुके आणि सारखी फुगे. फळ्यांमधील उन्हाळी फटींतून धूळ खाली पडे. ती गैरसोय सर्वांना मान्य होती.

लाकूड कोणाचे

या तांत्रिक कारणांच्या जोडीला मालकीचा प्रश्न होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील आज्ञापत्रात आरमारासाठी सागासारखे लाकूड तोडताना परवानगीची अट आणि रयतेच्या फळझाडांना संरक्षण असा भेद केलेला आढळतो. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि वनांची आखणी राखीव क्षेत्रांत होऊ लागली. रेल्वेच्या स्लीपरांसाठी टिकाऊ लाकडाची मागणी देशभर वाढली होती. १९०५ च्या पुनर्रचनेत वणी जिल्ह्याचे यवतमाळ जिल्हा असे नामांतर झाले. विसाव्या शतकात दारव्ह्यावरून जाणारी मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंदमापी ‘शकुंतला’ कापूस वाहू लागली. पुढे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने लाकडाच्या वाहतुकीवर परवान्याची तरतूद केली आणि १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाने शेतकऱ्याच्या स्वतःच्या बांधावरील सागालाही परवानगीच्या कक्षेत आणले. जंगलाजवळ राहणाऱ्यास साग दिसतो, पण मिळत नाही. ही परिस्थिती आजची नाही.

तेलाची कथा याहून विलक्षण आहे. जवस हे विदर्भाचे जुने पीक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य प्रांत-वऱ्हाडचे जवस मुंबई बंदरातून परदेशी जात असे. फ्रेडरिक वॉल्टनने १८६० च्या दशकात शोधलेले लिनोलियम हे जमिनीचे आच्छादन जवसाच्याच तेलापासून होते. लाकडावर चढवायचे तेल येथे पिकत होते आणि त्याची जमीन मात्र दूरदेशी तयार होत होती.

आजची बसवणूक

सध्या जे बसविले जाते त्याचे सर्वच लाकूड नसते, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. लॅमिनेट हा दाबलेल्या लाकडी भुशाचा पट्टा असून त्यावर लाकडाच्या छायाचित्राचा कागद असतो. स्वीडनमध्ये १९७७ साली त्याची निर्मिती झाली. अस्सल फळी बसविताना कारागीर जे नियम पाळतात ते पाहण्यासारखे आहेत. फळ्या बसविण्यापूर्वी काही दिवस त्याच खोलीत ठेवणे, सिमेंटच्या तळावर ओल रोखणारा प्लॅस्टिकचा पडदा अंथरणे, त्यावर पट्ट्या ठोकून फळी उचललेली ठेवणे, भिंतीकडेने सुमारे दहा मिलिमीटर फट सोडून ती स्कर्टिंगखाली झाकणे. निगा राखतानाही कोरडा झाडू, घट्ट पिळलेले फडके, सांडलेले पाणी तत्काळ टिपणे आणि ठरावीक काळाने तेल वा पॉलिश. तपशील नवे असले तरी माडीची तत्त्वे तीच आहेत : मातीपासून दूर राहणे, हवा खेळती ठेवणे, फुगण्यास जागा देणे. मात्र ज्या घरात लादी बादलीभर पाण्याने धुण्याची सवय आहे तेथे अस्सल लाकूड तळमजल्यावर आणणे म्हणजे परंपरेने विचारपूर्वक टाळलेला प्रश्न ओढवून घेणे होय. पावसाळ्यात पट्टे फुगून उचलले जातात ते लाकडाच्या दोषाने नव्हे, भिंतीलगत न सोडलेल्या फटीमुळे.

२०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून नेण्यात आले, तर तेथील जमिनीसाठी त्रिपुरातील आगरतळ्याचा बांबू वापरला गेला. विदर्भाचा साग दिल्लीतही गेला, तरी त्या भवनाची भुई बांबूची झाली, हा योगायोग सूचक आहे.

जुन्या कडीपाटाचा पुरावा

बोरी अरबसारख्या गावांच्या संदर्भात अधिक निकडीची बाब वेगळीच आहे. वाटण्या झाल्या, माणसे शहरात गेली, छप्पर गळू लागले की वाडा उतरविला जातो आणि त्याचे लाकूड घनफुटाच्या दराने विकले जाते. जुना साग पुरता सुकलेला असल्याने त्याला मागणी मोठी, आणि त्यातील काही फळ्या शहरातील घरांची जमीन होतात. या फळीच्या दोन बाजू म्हणजे दोन दस्तऐवज आहेत. खालची, छताची बाजू रंधलेली, धुराने काळवंडलेली, कधी रंगविलेली. वरची, मातीखालची बाजू खडबडीत. तिच्यावर हातकरवतीच्या सरळ, कमी-अधिक अंतराच्या रेघा आहेत, वाकसाचे टवके आहेत, की यांत्रिक गोल करवतीच्या कमानी, यावरून मजला कोणत्या काळात पडला याचा अंदाज बांधता येतो. खिळा हाताने घडविलेला आणि चौकोनी, की कारखान्यातील तारेचा आणि गोल, हेही तितकेच बोलके असते. मोडी दप्तरात ज्याची नोंद नाही ते येथे फळीवर आहे. लाकूड विकत घेणारा मात्र फळी यंत्रावर घालून दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर तासून घेतो, आणि खिळे उपटून भंगारात टाकतो.